ज्याचं जळतं, त्याचाच विमा

अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात बटलर नावाचं विद्यापीठ आहे. त्याच्या खेळाडूंचं मानचिन्ह म्हणजे एक खराखुरा बुलडॉग. एका कुत्र्याचं वय झालं की दुसरा येतो, आणि प्रत्येकाचं नाव ‘ब्लू’च असतं. सामन्याला हजर राहायचं आणि विद्यार्थ्यांकडून लाड करून घ्यायचे, एवढंच त्याचं काम. या बुलडॉगचा विमा ज्या कंपनीने उतरवला, ती विद्यापीठातलेच विमा विषयाचे विद्यार्थी चालवतात. एमजे इन्शुरन्स या ब्रोकर कंपनीच्या देणगीतून ती उभी राहिली आणि २०१७ मध्ये बर्म्युडाच्या नियामकाने तिला रीतसर परवाना दिला. हप्ता किती घ्यायचा, कुत्रा आजारी पडला तर कोणता खर्च द्यायचा, विद्यापीठाच्या मालकीच्या कलाकृतींची जोखीम कशी मोजायची, वर्षाअखेरीस ताळेबंद कसा जुळवायचा, हे सारं विशीतली मुलं ठरवतात. पैसे खरे, परवाना खरा आणि नियामकाचे प्रश्नही खरे.

विद्यापीठाने स्वतःच्या मालमत्तेसाठी स्वतःच विमा कंपनी काढायची, या रचनेला ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. जगात आज अशा सहा हजारांहून अधिक कंपन्या आहेत. त्यांच्या मालकांत पोलाद कारखाने, तेल कंपन्या, रुग्णालयं, विद्यापीठं, वाहतूकदार, बांधकाम कंपन्या असे सगळे आहेत. या कंपन्या चौकात फलक लावत नाहीत, दूरचित्रवाणीवर जाहिरात करत नाहीत आणि दारोदार एजंटही पाठवत नाहीत, कारण त्यांना ग्राहक शोधायचा नसतो. त्यामुळे या व्यवसायाचं नावही बहुतेकांच्या कानावर पडत नाही. या क्षेत्रात वीस-पंचवीस वर्षं काढलेली माणसंही सहसा ठरवून इथे आलेली नसतात. कुणी लेखापरीक्षणातून आलं, कुणी दावे निकाली काढता काढता, तर कुणी कारखान्यातल्या सुरक्षा विभागातून.

महाराष्ट्रात ‘कॅप्टिव्ह’ हा शब्द औद्योगिक वसाहतींत सर्रास वापरला जातो. कॅप्टिव्ह वीज प्रकल्प म्हणजे कारखान्याने स्वतःच्या वापरासाठी उभारलेला वीज प्रकल्प, आणि कॅप्टिव्ह खाण म्हणजे जिचा कोळसा किंवा खनिज बाहेर विकायचं नसून स्वतःच्या भट्टीसाठी ठेवायचं अशी खाण. विम्यातला शब्दही नेमका खाणीतूनच आला आहे. ओहायो राज्यातल्या यंग्जटाउन गावात फ्रेड रीस हा अभियंता विम्याचं काम करत असे. मालमत्तेला आगीपासून कसं वाचवायचं, हा त्याचा विषय. यंग्जटाउन शीट अँड ट्यूब ही पोलाद कंपनी त्याची ग्राहक होती आणि तिच्या मालकीच्या खाणींना तिथे ‘कॅप्टिव्ह माइन्स’ म्हणत. पन्नासच्या दशकात रीसने कंपनीपुढे साधा हिशेब मांडला. खनिज स्वतःचं काढता, मग विमा दुसऱ्याकडून का घेता? त्यातून स्टील इन्शुरन्स कंपनी ऑफ अमेरिका ही उपकंपनी उभी राहिली, आणि खाणीचं विशेषण विमा कंपनीला लागलं.

रीसच्या हिशेबामागचं दुखणं मात्र शंभर वर्षांहून जुनं होतं. ऱ्होड आयलंडमधला कापड गिरणीचा मालक झकारिया ॲलन याने आग लागू नये म्हणून गिरणीत बऱ्याच सुधारणा केल्या होत्या. आता हप्ता कमी करा, असं त्याने विमा कंपनीला सांगितलं. कंपनीने नकार दिला. चांगल्या गिरणीच्या हप्त्यातूनच वाईट गिरणीची भरपाई व्हायची, असा तेव्हाचा रिवाज होता. ॲलनने १८३५ मध्ये इतर गिरणीवाल्यांना एकत्र केलं आणि परस्परांचा विमा उतरवणारी संस्था काढली. ती काटेकोर अर्थाने कॅप्टिव्ह नव्हती, पण विचार तोच होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, मग राखायचं कसं हेही त्यालाच ठरवू द्यावं.

बाजारातून विमा घेतला की हप्त्याच्या पैशाला वाटेत बऱ्याच वाटा फुटतात. ब्रोकरचं कमिशन, विमा कंपनीचा कार्यालयीन खर्च, तिचा नफा आणि इतरांच्या नुकसानीचा भार हे सगळं त्यातूनच जातं. ज्या कारखान्याने दहा वर्षं अपघात टाळले, त्याच्या हाती त्या सावधगिरीचं फळ फारसं लागत नाही. कॅप्टिव्हमध्ये हप्ता स्वतःच्याच उपकंपनीत जमा होतो. नुकसान कमी झालं तर शिल्लक घरात राहते, जास्त झालं तर झळही घरालाच बसते. दुसरा लाभ पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी घेतलेल्या विम्याचा. मोठ्या पुनर्विमा कंपन्या साधारणपणे कारखानदाराशी थेट व्यवहार करत नाहीत, त्यांना समोर विमा कंपनी लागते. कॅप्टिव्ह ही कागदोपत्री आणि कायद्यानेही विमा कंपनीच असते, त्यामुळे तिच्यासाठी ते दार उघडतं. झेपेल तेवढी जोखीम ती स्वतःकडे ठेवते आणि वरची पुनर्विमा कंपनीकडे सोपवते.

अमेरिकेतल्या राज्यांचे विमा कायदे रीसला जाचक वाटले. १९६२ मध्ये तो बर्म्युडाला गेला आणि तिथे त्याने इंटरनॅशनल रिस्क मॅनेजमेंट ही कंपनी स्थापली. इतरांच्या कॅप्टिव्ह सांभाळणं हाच तिचा धंदा होता. ‘कॅप्टिव्ह मॅनेजर’ या व्यवसायाची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही. अटलांटिक महासागरातलं हे बेट जेमतेम ५३ चौरस किलोमीटरचं आणि लोकसंख्या साठ-पासष्ट हजारांच्या घरात. १९७८ मध्ये तिथे विमा कायदा झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत उत्तरदायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, विमा मिळेनासा झाला. नगरपालिका, रुग्णालयं, औषध कंपन्या अशा कुणालाच पुरेसं संरक्षण मिळेना. तेव्हा ३४ मोठ्या कंपन्यांनी मिळून १९८५ मध्ये ‘एस’ ही विमा कंपनी उभी केली आणि तिचा कारभार बर्म्युडातून चालू झाला. हीच एस कंपनी पुढे वाढत गेली, २०१६ मध्ये तिने चब ही जुनी विमा कंपनी विकत घेतली आणि तिचं नावही स्वतःला लावलं. बेटावर वकील, लेखापाल आणि विम्याची जोखीम गणिताने मोजणारे अ‍ॅक्चुअरी यांची वस्ती झाली. बाहेरून येणाऱ्याला आजही तिथे वर्क परमिट लागतं, आणि नेमणुकीपूर्वी ती जागा स्थानिकांसाठी जाहीर करावी लागते.

इकडे यंग्जटाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ च्या सोमवारी शीट अँड ट्यूब कंपनीने आपला मोठा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. सुमारे पाच हजार कामगार बेकार होणार होते. तो दिवस गावात ‘ब्लॅक मंडे’ म्हणून ओळखला जातो. भट्ट्या थंडावल्या. त्या खाणींतून निघालेला एक शब्द मात्र जगभरच्या विमा कायद्यांत जाऊन बसला.

आज या व्यवसायात शिरू पाहणाऱ्याला बर्म्युडाच्या जोडीने आणखी एक पत्ता ठाऊक असावा लागतो, तो म्हणजे व्हरमाँट. कॅनडाच्या सीमेला लागून असलेलं हे डोंगराळ अमेरिकी राज्य दुग्धव्यवसाय, मेपल सिरप आणि बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध आहे. लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत, म्हणजे कोल्हापूर शहराएवढी. १९८१ मध्ये गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग यांच्या कारकिर्दीत व्हरमाँटने कॅप्टिव्हसाठी खास कायदा केला. डोंगर न पोखरता आणि नदी न नासवता येणारा उद्योग त्यांना हवा होता. आज तिथे साडेसहाशेहून अधिक कॅप्टिव्ह कार्यरत आहेत आणि संख्येच्या बाबतीत हे राज्य जगात आघाडीवर आहे. एका मालकाची साधी कॅप्टिव्ह काढायला तिथे किमान अडीच लाख डॉलर भांडवल लागतं. कंपनीच्या संचालक मंडळाची वर्षातून किमान एक बैठक राज्यात व्हावी, असाही नियम आहे. त्यामुळे देशभरचे कारखानदार, रुग्णालयांचे वित्तप्रमुख, वकील आणि अ‍ॅक्चुअरी शँप्लेन सरोवराकाठच्या बर्लिंग्टन गावात येतात. गावाची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये तिथे व्हरमाँट कॅप्टिव्ह इन्शुरन्स असोसिएशनची वार्षिक परिषद भरते. नवख्याला नोकरी मिळते ती बऱ्याचदा अशा परिषदेतल्या ओळखीतून.

नोकरीत नेमकं करायचं काय? कॅप्टिव्हचं वैशिष्ट्य असं, की बहुतेक कंपन्यांत स्वतःचा एकही पूर्णवेळ कर्मचारी नसतो. संचालक मंडळ मालक कंपनीतलं असतं आणि बाकी सगळं काम बाहेरच्या व्यावसायिकांकडे. मध्यभागी असतो कॅप्टिव्ह मॅनेजर. मार्श, एऑन यांसारख्या मोठ्या ब्रोकर कंपन्यांचे यासाठी स्वतंत्र विभाग आहेत, शिवाय लहान स्वतंत्र संस्थाही आहेत. या संस्थांमध्ये नव्याने लागलेला लेखापाल एका वेळी अनेक कॅप्टिव्हचे हिशेब पाहतो. सकाळी रुग्णालयांच्या समूहाचे, दुपारी ट्रकवाल्यांच्या गटाचे, संध्याकाळी एखाद्या विद्यापीठाचे. दर तिमाहीला ताळेबंद, वर्षाअखेरीस लेखापरीक्षण, नियामकाकडे वार्षिक अहवाल आणि संचालकांसाठी बैठकीची कागदपत्रं, असं त्याचं वर्ष सरतं.

अ‍ॅक्चुअरीचं काम वेगळं. झालेल्या पण अजून कळवल्या न गेलेल्या नुकसानीसाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, हे तो ठरवतो. यंदा झालेल्या शस्त्रक्रियेतली चूक पाच वर्षांनी न्यायालयात येऊ शकते. त्या दाव्याची तरतूद यंदाच व्हावी लागते. याशिवाय करतज्ज्ञ हवा, वकील हवा, बँकेत पतपत्र देणारा अधिकारी हवा. पतपत्राची गरज ‘फ्रंटिंग’मुळे पडते. अनेक प्रकारच्या विम्यांना स्थानिक परवाना असलेलीच कंपनी लागते. अशी कंपनी स्वतःच्या नावाने पॉलिसी देते आणि ती जोखीम लगेच कॅप्टिव्हकडे पुनर्विम्याने वळवते. पण उद्या कॅप्टिव्हने हात वर केले तर काय, म्हणून बँकेच्या पतपत्राची हमी मागते. आणि टेबलाच्या पलीकडे बसणारा नियामक हाही याच क्षेत्रातला करिअरचा मार्ग आहे. सँडी बिगलस्टोन यांनी व्हरमाँटच्या वित्त नियमन विभागात वर्षानुवर्षे काम करत कॅप्टिव्हच्या उपायुक्तपदापर्यंत मजल मारली.

ही झाली पदांची यादी. या कामात माणूस का रमतो, हे समजायचं तर १९७६ कडे वळावं लागतं. डॉक्टरांवरच्या खटल्यांमुळे अमेरिकेत वैद्यकीय उत्तरदायित्वाचा विमा महागला, काही ठिकाणी मिळेनासाच झाला. तेव्हा हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयांनी मिळून केमन बेटांवर ‘कंट्रोल्ड रिस्क इन्शुरन्स कंपनी’ ही कॅप्टिव्ह काढली. ती ‘क्रिको’ या नावाने ओळखली जाते. विमा घरचा, म्हणून दाव्यांच्या फाइलीही घरात. त्या फाइली वाचल्यावर एक गोष्ट ठळक झाली. विमा उतरवलेल्या डॉक्टरांत भूलतज्ज्ञ फक्त ३ टक्के होते, पण भरपाईतला त्यांचा वाटा १२ टक्के होता. बाजारातल्या विमा कंपनीने बहुधा भूलतज्ज्ञांचा हप्ता वाढवला असता आणि फाइल मिटली असती. इथे मात्र हार्वर्डच्या भूलतज्ज्ञांची समिती बसली. एकेका दुर्घटनेचा मागोवा घेतला गेला आणि दिसलं, की कितीतरी घटना रुग्णावर अखंड लक्ष असतं तर टळल्या असत्या.

त्यातून १९८५ मध्ये नऊ रुग्णालयांसाठी किमान नियम ठरले. भूल दिलेली असताना भूलतज्ज्ञ खोलीतच हवा. रक्तदाब आणि नाडी दर पाच मिनिटांनी तपासायची. हृदयाचा आलेख सतत सुरू हवा. श्वासासाठी जोडलेली नळी सुटली तर भोंगा वाजला पाहिजे. हे नियम १९८६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने देशभरासाठी तसेच निकष स्वीकारले. दुर्घटना घटल्या, मग क्रिकोने भूलतज्ज्ञांचा हप्ता खाली आणला. दाव्यांच्या कागदांतून शस्त्रक्रियागृहातली शिस्त बदलली ती अशी. यात ज्यांचे हात लागले, त्यांत डॉक्टर होते तसे फाइलीतली आकडेवारी लावणारेही होते. कॅप्टिव्हमध्ये काम करणाऱ्याला हेच समाधान मिळू शकतं. आकडा वाचून तो आकड्याच्या उगमापर्यंत जाऊ शकतो, कारण उगम मालकाच्याच आवारात असतो.

याच रचनेचा गैरफायदा घेणारेही आहेत, आणि करिअर करू पाहणाऱ्याने ती बाजू आधी समजून घ्यावी. अमेरिकी करकायद्यातलं कलम ८३१(बी) लहान विमा कंपन्यांना सवलत देतं. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या हप्त्यांच्या उत्पन्नावर त्यांना कर लागत नाही, फक्त गुंतवणुकीच्या उत्पन्नावर लागतो. काही सल्लागारांनी यातून वाट काढली. छोट्या धंदेवाल्याला कॅप्टिव्ह काढून द्यायची, असंभव वाटाव्यात अशा जोखमींवर भरमसाट हप्ते लावायचे, धंद्यात ते खर्च म्हणून दाखवायचे आणि पैसा फिरून घरातच ठेवायचा. ॲरिझोनात दागिन्यांची दुकानं असलेल्या एका कुटुंबाचा असाच खटला करन्यायालयात २०१७ मध्ये निकाली निघाला. त्यांचा विम्यावरचा वार्षिक खर्च तीन वर्षांत सुमारे दीड लाख डॉलरवरून अकरा लाखांच्या वर गेला होता, आणि करखात्याची तपासणी सुरू होईपर्यंत कॅप्टिव्हवर एकही दावा आला नव्हता. हा विमाच नाही, असं न्यायालयाने सांगितलं. अमेरिकी करखात्याने अशा सूक्ष्म कॅप्टिव्हना फसव्या योजनांच्या वार्षिक यादीत वारंवार स्थान दिलं आहे. अशा ठिकाणी हप्त्याचा आकडा ठरवणारा अ‍ॅक्चुअरी आणि हिशेब लिहिणारा व्यवस्थापक यांची सही असते, आणि ‘मालकाने सांगितलं’ हे उत्तर न्यायालयात टिकत नाही.

प्रामाणिक कॅप्टिव्हलाही मर्यादा असतात. ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीने बराचसा विमा बाहेरून न घेता गर्न्सी बेटावरच्या ‘ज्युपिटर’ या आपल्या कॅप्टिव्हवर भिस्त ठेवली होती. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि समुद्रात तेलाचा लोंढा सुटला. ज्युपिटरची एका घटनेपुरती मर्यादा ७० कोटी डॉलर होती. बीपीचा एकूण खर्च पुढे ६५ अब्ज डॉलरवर गेला. झेपेल एवढीच जोखीम ठेवायची हे सूत्र सोपं वाटतं. ‘झेपेल’ म्हणजे किती, हे ठरवणं हा या व्यवसायातला सगळ्यात अवघड निर्णय आहे.

भारतात ही वाट अजून अरुंद आहे. १९३८च्या विमा कायद्याखाली विमा कंपनीला किमान १०० कोटी रुपयांचं भरणा झालेलं भांडवल लागतं. स्वतःच्या चार कारखान्यांचा विमा उतरवण्यासाठी एवढा पैसा कोण अडकवून ठेवील? व्हरमाँटच्या अडीच लाख डॉलरशी हा आकडा ताडून पाहिला की फरक उमगतो. गुजरातमधल्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात कॅप्टिव्हना जागा करून देण्याचा विचार तिथल्या नियामकाने चालवला आहे. दरम्यान भारतीय उद्योगांचा कॅप्टिव्हशी संबंध परदेशातूनच आला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातली कोरस ही पोलाद कंपनी घेतली, तेव्हा आयल ऑफ मॅन बेटावरची तिची कॅप्टिव्हही टाटांच्या घरात आली. तिचं नाव ‘क्रूसिबल’, म्हणजे मूस. यंग्जटाउनच्या पोलादातून निघालेली कल्पना पोलादाच्याच रस्त्याने टाटांच्या बॉम्बे हाउस या मुख्यालयापर्यंत पोहोचली.

मराठी मुलामुलींसाठी मात्र दार वाटतं तितकं बंद नाही. या व्यवसायाला लागणारी विद्या मुंबईत फार पूर्वीपासून मिळते. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९५५ पासून विम्याच्या परीक्षा घेते. १९४४ मध्ये स्थापन झालेली अ‍ॅक्चुअरींची संस्था २००६च्या कायद्याने इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया झाली. चार्टर्ड अकाउंटंटची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांची तर इथे रांगच असते. मोठ्या ब्रोकर कंपन्यांची जागतिक सेवा केंद्रं मुंबई-पुण्यात आहेत, आणि परदेशातल्या विमा व्यवहारांचं काम तिथल्या टेबलांवर येतं. ज्याला खास कॅप्टिव्हकडेच जायचं आहे, त्याच्यासाठी व्हरमाँटमधलं इंटरनॅशनल सेंटर फॉर कॅप्टिव्ह इन्शुरन्स एज्युकेशन दूरस्थ पद्धतीने अभ्यासक्रम चालवतं. तो पुरा करणाऱ्याला ‘असोसिएट इन कॅप्टिव्ह इन्शुरन्स’ ही व्यावसायिक उपाधी मिळते. अमेरिकेतली कॅप्टिव्ह इन्शुरन्स कंपनीज असोसिएशन विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा घेते. त्यात एखाद्या उद्योगाची जोखीम मांडून त्यावर कॅप्टिव्हचा तोडगा सुचवायचा असतो. पहिली पिढी निवृत्त होत चालली आहे आणि तिच्या जागी कोण येणार, ही काळजी परिषदांमध्ये उघडपणे बोलली जाते.

पुस्तकातून न मिळणारी एक गोष्ट मात्र उरते. ट्रकवाल्यांच्या गटाची कॅप्टिव्ह सांभाळायची तर ट्रक किती तास चालतो, चालक कुठे झोपतो, ब्रेक कधी तपासले जातात हे विचारावं लागतं. पोलाद कारखान्याची सांभाळायची तर क्रेनखाली उभं राहून पाहावं लागतं. फ्रेड रीस आधी अभियंता होता आणि विमेवाला नंतर झाला, हा योगायोग नव्हता.

बर्लिंग्टनच्या त्या वार्षिक बैठकीत गेल्या वर्षाच्या नुकसानीचा तक्ता टेबलावर येतो. कुठल्या कारखान्यात किती अपघात, कशामुळे, किती भरपाई, किती शिल्लक. भोवती संचालक, अ‍ॅक्चुअरी, लेखापरीक्षक आणि वकील बसलेले असतात. तो तक्ता तयार केलेला असतो बहुधा खोलीतल्या सगळ्यात धाकट्या माणसाने. मालक बोट फिरवत एका ओळीवर थांबतो. याच कारखान्यात हाताला इजा होण्याच्या घटना दुप्पट का झाल्या, असं तो विचारतो. मग सगळ्यांच्या नजरा त्या धाकट्याकडे वळतात, आणि तो कारखान्यातल्या नव्या कापणी यंत्राबद्दल, त्याच्या कडेला नसलेल्या जाळीबद्दल सांगू लागतो.